कोणते कर्जत? : पत्त्याच्या शेवटच्या शब्दाविषयी

महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन आहेत. एक आपले, घाटाच्या पायथ्याचे, रायगड जिल्ह्यातील. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातील. आमच्या पेढीवर पूर्वी वर्षाकाठी एखादे तरी पार्सल त्या कर्जतचे येऊन पडे, आणि आपला माल तिकडे जाऊन बसे. पाठवणाऱ्याने गावाचे नाव ठळक लिहिलेले असे, जिल्हा मात्र लिहिलेला नसे. म्हणून बापूजींनी आम्हा भावंडांना लहानपणीच एक शिस्त लावली होती : पत्ता शेवटाकडून वाचायचा. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. नाव सर्वांत शेवटी, कारण नाव कोणीही कोणाचेही लिहू शकतो.

ही शिस्त आठवण्याचे कारण घरातलेच आहे. गेल्या वर्षी कुटुंबाने यात्रेस जाण्याचे ठरवले. धर्मशाळेतील चार खोल्या राखून ठेवण्याचे काम वहिनींकडे आले. त्यांनी मोबाईलवर धर्मशाळेचे नाव शोधले. पहिलेच पान उघडले. शिखराचे सुंदर छायाचित्र, खोल्यांचे दर, भोजनशाळेच्या वेळा, ‘आज केवळ पाच खोल्या शिल्लक’ अशी लाल अक्षरातील सूचना, आणि पत्त्याशेजारी बंद कुलपाचे चिन्ह. कुलूप पाहून वहिनी निश्चिंत झाल्या आणि 22 हजार रुपये भरून मोकळ्या झाल्या. पावतीही आली. दुसऱ्या दिवशी तो दूरध्वनी बंद होता. ते पान धर्मशाळेचे नव्हतेच.

वहिनी चार दिवस काही बोलल्या नाहीत. पैशापेक्षा त्यांना भय वाटत होते ते निराळेच. यापुढे घरातील व्यवहार आपल्या हाती कोणी देणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. व्यापारी घरात फसवले जाणे हा तोट्याहून मोठा कमीपणा मानला जातो, हे आपण सारेच जाणतो. परंतु असे चार दिवसच चोराला हवे असतात. 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार गेली, की ज्या खात्यात रक्कम गेली त्या बँकेकडे ती गोठवण्याची सूचना जाते. पैसा या खात्यातून त्या खात्यात आणि तेथून रोखीत निघून जाण्यापूर्वी ती पोहोचली तरच उपयोग. तेथे हिशोब तासांचा असतो.

असे घडलेले हे एकच घर नव्हे. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना उद्देशून इशारा दिला होता. केदारनाथ व चारधामच्या हेलिकॉप्टरची तिकिटे, यात्रास्थळी निवास, टॅक्सी, सहलींचे बेत, या सर्वांची बनावट संकेतस्थळे उभी राहत असल्याचे त्यात नमूद होते. यात्रेचा बेत ठरलेला, सोबत वडीलधारी मंडळी, खोली न मिळाल्यास होणाऱ्या अडचणीची धास्ती. अशा वेळी मनुष्य घाई करतो, हे बनावट पान रचणाऱ्यास नेमके ठाऊक असते.

आता त्या कुलपाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घोटाळा तेथेच आहे. कुलपाचा अर्थ एवढाच होता, की आपला फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यामधील वाटेवर कोणी तिसरा मजकूर वाचू शकत नाही. वाट बंदोबस्ताची आहे; वाटेच्या टोकाला साव बसला आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. पूर्वी हा बंदोबस्त करून घेण्यास पैसे पडत. डिसेंबर 2015 पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा संस्थेने त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सर्वांना विनामूल्य देण्यास आरंभ केला. लहान दुकानदाराचीही वाट त्यामुळे सुरक्षित झाली, हे मोठे पुण्यकर्मच. परंतु विनामूल्य वस्तू चोरालाही विनामूल्यच मिळते.

गूगलने 2021 मध्ये केलेल्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ केवळ 11 टक्के लोकांना सांगता आला. म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढून त्या जागी दोन आडव्या रेघांचे साधे चिन्ह ठेवण्यात आले. त्यावर दोन मते आहेत. जे चिन्ह चुकीचा धीर देते ते नसलेले बरे, असे रचनाकार म्हणतात. सामान्य मनुष्याच्या हाती होती ती एकच खूण आपण काढून घेतली आणि बदल्यात काही दिले नाही, असे विरोधकांचे म्हणणे. मला पहिले मत पटते, पण दुसऱ्यातील तक्रार खोटी नाही. मोबाईलच्या पडद्यावर पत्त्याची पट्टी बोटभर. लांब पत्ता तीत मावत नाही, आणि पान खाली सरकवले की बहुधा पट्टीच लपते. डोळ्यांसाठी पान जितके सुबक झाले, तितका पत्ता नजरेआड गेला.

बापूजींना हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी वहिनींना एका शब्दाने दुखावले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “जोग कोण होता?” हा हुंडीच्या काळातील शब्द. शाहजोग हुंडीचे पैसे आणून दाखवील त्याच्या हाती दिले जात नसत. बाजारात पत असलेल्या शाहालाच ते मिळत. हुंडी पुढे बनावट निघाली, तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. आकडा कोणी बदलू नये म्हणून रक्कम पाचशे असली तरी ‘निमे अडीचशे, त्याची दुप्पट’ असे पुन्हा लिहीत. मूळ हुंडी हरवली तर तिची ‘पैठ’ निघे. कागद साधा, पण माणूस, रक्कम आणि कागद या तिहींची परीक्षा त्यात होती.

ही परीक्षाच जेव्हा तोतयाच्या हाती जाते, तेव्हा काय होते ते पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेने पाहिले. 1906 साली स्थापन झालेली ही बँक. 11 ते 13 ऑगस्ट 2018 या काळात तिचे सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यातील मोठी रक्कम 28 देशांतील एटीएम यंत्रांतून निघाली. यंत्राकडून ‘पैसे द्यावेत काय’ अशी विचारणा बँकेच्या मुख्य संगणकाकडे जावी लागते. चोरांनी मध्येच बनावट यंत्रणा बसवून ती विचारणा अडवली आणि परस्पर होकार दिला. हुंडी खरी की खोटी हे विचारण्यास गडी पेढीवर जावा आणि दारात बसलेल्या तोतयानेच मान डोलवावी, तसा हा प्रकार. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली.

संगणकामागील हे युद्ध आपल्या हातचे नाही. पत्ता वाचणे मात्र आहे, आणि बँकांपुरते ते आता सोपे झाले आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्याची घोषणा केली आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे तेथे न्यावीत असा आदेश दिला. हा शेवट केवळ बँकांनाच मिळतो. नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडेच होते. हा एक प्रकारचा शाहजोग शिक्काच आहे. वाचावे कसे? आरंभीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्याव्यात. पुढे पहिली तिरपी रेघ येईल तेथे थांबावे आणि तिच्या डावीकडचे शब्द उलट क्रमाने वाचावेत. अगदी शेवटी ‘बँक डॉट इन’ असेल तर ठीक. ‘बँक डॉट इन’ नंतर पुन्हा ‘डॉट अमुक डॉट कॉम’ असेल, तर ते दुसऱ्या जिल्ह्यातील कर्जत समजावे.

पत्त्यासारखीच मालाचीही पारख हवी. खालापूर टोलनाक्यासाठी 3 हजारांत फास्टॅगचा वार्षिक पास देतो, असा संदेश मला मध्यंतरी आला. 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेला तो पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या अखत्यारीतील असल्याने खालापूरला तो चालत नाही. जो माल अस्तित्वातच नाही, तो विकणारा कोण हे शोधण्याचीही गरज उरत नाही.

एक गोष्ट आपल्याच बाजूची. आपली तरुण मुले आता दुकानांची संकेतस्थळे उत्साहाने करवून घेतात. त्यांवर ‘फक्त दोन नग शिल्लक’ असे, गोदाम भरलेले असतानाही झळकते. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या 13 प्रकारच्या रचनांवर निर्बंध घातले. खोटी निकड दाखवणे हा त्यांतील एक. दंडाचे सोडाच. ज्या लाल अक्षरांनी वहिनींना घाईत टाकले, ती आपल्याही पानावर असतील तर ग्राहकाने साव आणि चोर ओळखावा कशावरून?

धर्मशाळा, देवस्थाने, न्यास यांना बँकांसारखा राखीव शेवट अजून नाही. यंदा पुन्हा यात्रा ठरली तेव्हा खोल्यांचे काम बापूजींनी वहिनींनाच सांगितले. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला, देवघराशेजारच्या कपाटातून मागील यात्रेची छापील पावती काढली, तीवरील क्रमांक लावला आणि समोरच्या मुनीमजींकडून खात्याचे नाव दोनदा वदवून घेतले. मग बापूजींकडे वळून म्हणाल्या, “जोग विचारून घेतला.”