तोंड आणि डोळे सतत कोरडे? शोग्रेन सिंड्रोम का होतो ते समजून घ्या

"डॉक्टर, भाकरी घशाखाली उतरत नाही. घासाघासाला पाणी लागतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं." शिरूर-दौंड भागातल्या अनेक स्त्रिया ही तक्रार सांगतात आणि कारणही स्वतःच सांगतात: अंगात उष्णता वाढली, शेतातली धूळ गेली. एका आजींच्या घरी तर 'लागण होईल' म्हणून त्यांचा पेला वेगळा ठेवला होता. त्याची काहीच गरज नव्हती.

कोरडेपणा तीन महिन्यांहून जास्त टिकला, तर शोग्रेन सिंड्रोमचा विचार करावा लागतो. रिपोर्टवर हे नाव 'स्जोग्रेन' असेही दिसेल. स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव.

शरीरात काय बिघडते?

आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढते. या आजारात ती चुकून अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवरच हल्ला करते. पांढऱ्या पेशी तिथे जमतात, सूज येते आणि अश्रू व लाळ कमी होतात. सांधेदुखी आणि प्रचंड थकवाही येऊ शकतो.

कारणे कोणती?

एकच एक कारण नसते. अनेक गोष्टी एकत्र येतात.

- अनुवंशिकता: काही जनुकांमुळे हा आजार होण्याची शक्यता वाढते. पण आईला आहे म्हणजे मुलीला होणारच, असे नाही.
- विषाणू: एपस्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग बहुतेकांना कधीतरी होऊन जातो. ज्यांच्या शरीरात मुळात कल आहे, त्यांच्यात अशा संसर्गामुळे प्रतिकारशक्तीची दिशा चुकत असावी, असे मानले जाते.
- संप्रेरके: दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात आणि आजार बहुधा ४० ते ६० या वयात लक्षात येतो. म्हणून स्त्री-संप्रेरकांतील बदलांचा संबंध जोडला जातो.
- आधीचा आजार: रुमॅटॉइड संधिवात किंवा ल्युपस असलेल्यांना शोग्रेनही होऊ शकतो.

धूळ, ऊन आणि कोरडा वारा यांनी त्रास वाढतो, पण आजार होत नाही. तो तिखट खाल्ल्याने होत नाही. उष्ट्याने किंवा स्पर्शाने पसरतही नाही.

आधी साधी कारणे तपासा

मधुमेह, रजोनिवृत्ती, तंबाखू किंवा मिश्री, सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि लघवीच्या काही गोळ्या यांनीही कोरडेपणा येतो. दवाखान्यात येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

निदान कसे होते?

पापणीत कागदाची पट्टी ठेवून ५ मिनिटांत किती अश्रू येतात ते मोजतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओल आली, तर ते कोरडेपणाचे लक्षण आहे. रक्तात अँटी-रो ही प्रतिपिंडे तपासतात. ती सापडली नाहीत आणि तरीही शंका राहिली, तर ओठाच्या आतील बारीक लाळग्रंथींचा तुकडा काढून तपासतात. यासाठी पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे जावे लागेल. ती फेरी टाळू नका.

या दोन गोष्टी विसरू नका

तरुण मुलीला किंवा सुनेला हा आजार असेल, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगा. अँटी-रो प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. अशा १०० गरोदरपणांपैकी साधारण २ मध्ये बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. आधी माहीत असेल, तर औषध सुरू करता येते आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवता येते.

दुसरे म्हणजे, कानाखाली किंवा गालात टिकून राहणारी सूज, मानेत गाठ, वारंवार ताप किंवा वजन घटणे दिसले तर लगेच या. या रुग्णांमध्ये लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आजार मुळापासून बरा होत नाही, पण डोळ्यांचे थेंब, दातांची काळजी आणि नियमित औषधांनी तो आटोक्यात राहतो. हा आजार तुमच्या चुकीने झालेला नाही. आणि घरात कुणाचा पेला वेगळा ठेवला असेल, तर तो आजच परत सगळ्यांच्या पेल्यांत ठेवा.