खेळण्याला कायदा, रेनकोटला नाही

धाड (जि. बुलढाणा), प्रतिनिधी - ‘आयएसआय’ चिन्हाविना खेळणी विकण्यास १ जानेवारी २०२१ पासून देशभर बंदी आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांसारखे काही अपवाद वगळता मुंबईतील मॉलला आणि धाडसारख्या गावातील दुकानाला एकच नियम लागू आहे. मात्र मुलांच्या वापरातील सर्वच व्हिनाइल वस्तूंना हे संरक्षण नाही.

व्हिनाइल, म्हणजेच पीव्हीसी, मुळात कडक असते. ते मऊ करण्यासाठी त्यात ‘थॅलेट’ वर्गातील रसायने मिसळली जातात. ही रसायने प्लास्टिकशी घट्ट बांधली जात नसल्याने मूल वस्तू चोखू लागताच लाळेत उतरतात. त्यांपैकी काही संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणतात. मुलग्यांच्या प्रजननसंस्थेच्या वाढीला त्यांचा विशेष धोका मानला जातो.

दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने जानेवारी २०१० मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत २४ पैकी २४ खेळण्यांत थॅलेट आढळले होते. तरीही ‘खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश’ निघण्यास २०२० साल उजाडले. हा आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. त्यात सक्तीच्या केलेल्या आयएस ९८७३ या मानकाचा नववा भाग थॅलेटविषयी आहे.

आदेशाच्या अंमलबजावणीची जबाबदारी भारतीय मानक ब्युरोकडे आहे. ब्युरोच्या २०१६ च्या कायद्याने अधिकाऱ्यांना झडती व जप्तीचे अधिकार दिले. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात करण्यात आली. महिनाभरात ४४ छापे घालून १८,६०० खेळणी जप्त केल्याचे ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. नामांकित दुकानेही या कारवाईतून सुटली नाहीत. मात्र ब्युरोची मुंबई, पुणे व नागपूर येथील कार्यालये धाडपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. त्यामुळे गावपातळीवर ग्राहकाची तक्रार महत्त्वाची ठरते.

कायद्याची खरी मर्यादा त्याच्या व्याख्येत आहे. हा आदेश केवळ खेळण्यासाठी बनवलेल्या वस्तूंपुरता आहे. व्हिनाइलचा रेनकोट किंवा दप्तर हे ‘खेळणे’ ठरत नाही. युरोपीय संघाने मात्र जुलै २०२० पासून चार थॅलेटांवरील ०.१ टक्क्याची मर्यादा खेळण्यांपलीकडील बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंनाही लागू केली.

खेळण्यावरील चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो आणि तक्रारही तेथेच नोंदवता येते. रेनकोट घेणाऱ्या पालकांना असे कोणतेही सक्तीचे चिन्ह पाहता येत नाही.