नाजूक दिसते, पण शिकारी आहे!

सप्टेंबर लागला की सातारा-सांगलीच्या कॉलेज ग्रुपवर 'कासला कधी जायचं?' सुरू होतंच. तुम्ही जाल, तेव्हा ओल्या कातळावरची इवली जांभळी फुलं वाकून बघा. ही सीतेची आसवं. दिसायला नाजूक, पण पक्की मांसाहारी! जांभ्यावरच्या मातीच्या पातळ थरात पाणी भरपूर साचतं, नायट्रोजन मात्र जेमतेम. मग ही वनस्पती चिखलातल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पापणी लवायच्या आत ओढून घेते. फूल वर, सापळा खाली! म्हणूनच सेल्फीसाठी पायवाट सोडलीत, तर न दिसणारा सापळाही चिरडतो. बी धरण्याआधीच रोप गेलं, तर पुढच्या वर्षीचं फूलही गेलं. २०१२पासून जागतिक वारसा असलेलं हे पठार पायवाटेवरूनच टिपा. झूम आहे की!