वाचून दाखवले, मजकूर समजला

बुधवारी बाजार असतो, म्हणून हे टेबल बुधवारीच मांडलं जातं. सोलापूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, तिथल्या कोर्टाचं आवार आणि बाररूमबाहेरचा व्हरांडा. खेड्यावरचा माणूस नुसत्या सल्ल्यासाठी तालुक्याला यायला कचरतो. एस.टी.चं भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते आणि परतल्यावर ‘कोर्टात कशाला गेली होतीस?’ याचं उत्तर घरात द्यावं लागतं. बाजाराला मात्र कुणी अडवत नाही. तेव्हा इथल्या सात वकिलांनी मिळून मंडळ काढलं आणि आपला वार बाजाराशी जुळवून घेतला. सल्ल्याचे पैसे नाहीत, अर्ज लिहून देण्याचे नाहीत. टायपिंग आणि झेरॉक्सचा खर्च एका पत्र्याच्या डब्यातून होतो. त्या डब्यात सातही जण महिन्याच्या महिन्याला आपल्या कमाईतले पैसे टाकतात.

यंदाच्या पावसाळ्यात मी चार बुधवार या टेबलाच्या कडेला स्टूल टाकून बसले. वकिली म्हणजे कोर्टासमोरचा युक्तिवाद, अशी माझीही समजूत होती. इथं चार आठवड्यांत मी युक्तिवाद एकही ऐकला नाही. पिशव्या मात्र खूप पाहिल्या.

माणूस येतो तो प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. कापडदुकानाची, नाहीतर खताच्या दुकानाची. तिच्यात रेशनकार्ड, आधारची लॅमिनेट केलेली प्रत, सात-बारा, दवाखान्याची चिठ्ठी, वीजबिल, कधीतरी आलेलं समन्स, सगळं एकत्र कोंबलेलं. मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या वकीलबाई आधी ती पिशवी टेबलावर रिकामी करतात. मग एकेक कागद हातानं सरळ करायचा, त्यावरची तारीख शोधायची आणि जुना खाली, नवा वर असा गठ्ठा लावायचा. तारीख नसलेले कागद वेगळे. या कामाला कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. तोवर माणूस बोलत असतो आणि बाई मध्ये तोडत नाहीत. गोष्ट सांगताना माणूस मागेपुढे होतो, सासूच्या बोलण्यावरून एकदम सात वर्षांपूर्वीच्या लग्नात जातो. कागद मात्र क्रमानं लागत जातात. गठ्ठा पुरा झाला की बाई त्यावर हात ठेवून विचारतात, “आता सांगा, तुम्हाला नेमकं काय हवंय?”

पहिल्या बुधवारी हाच प्रश्न एका पन्नाशीच्या बाईंना विचारला गेला. पदर डोक्यावरून घेतलेला, पायांशी भाजीची पिशवी. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. पाठी एक भाऊ आणि या. तीन एकर जमीन. वारस नोंद होऊन सात-बाऱ्यावर दोघांची नावं लागलेली. आता भावानं सांगितलं होतं, शुक्रवारी निबंधक कार्यालयात ये, हक्कसोडपत्र करायचंय. तयार दस्ताची झेरॉक्स त्यांनी आणली होती. शाळा चौथीपर्यंत झालेली. अक्षरं लागत होती, पण ‘तबदील’ आणि ‘निरंतर’ यांच्यापाशी अडत होत्या.

“काय हवंय?” या प्रश्नावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मला जमीन नको, वकीलबाई. माझं माहेर तुटू नये.”

महाराष्ट्रात या एका वाक्यापायी किती सह्या झाल्या असतील! कायदा बायकांच्या बाजूनं पुढे सरकत आला आहे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस ठरवलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४मध्येच केली होती, पण तोवर लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या गेल्या. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. आणि त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. इतकं सगळं होऊनही राखीपौर्णिमा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत निबंधक कार्यालयाच्या बाकावर बहिणी बसलेल्या दिसतात, साडीचा पुडा मांडीवर घेऊन.

वकीलबाईंनी ‘सही करू नका’ असं म्हटलं नाही. दस्ताचं एकेक वाक्य वाचलं आणि साध्या मराठीत सांगितलं. “इथं लिहिलंय, तुम्ही आणि तुमच्या पुढच्या पिढ्या या जमिनीवर कधीच हक्क सांगणार नाही. इथं लिहिलंय, हे तुम्ही राजीखुशीनं करताय. ही सही नुसती वारसाची नाही. पुढं ती फिरवायची म्हटली, तर दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो, त्याला मुदत असते आणि फसवणूक झाली हे तुम्हालाच शाबीत करावं लागतं. आता सांगा, भावाला ही सही कशासाठी हवीय?”

ते त्यांनी भावाला विचारलंच नव्हतं.

“शुक्रवारी जाऊ नका. भावाला म्हणावं, येत्या बुधवारी बाजाराला आलास की वकीलबाईंकडे चहा घेऊ.” मंडळातल्या एका तरुण वकिलानं जाड कार्डावर वार, तारीख आणि परतीच्या एस.टी.ची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून दिली. असं कार्ड इथून जाणाऱ्या प्रत्येकाला मिळतं. “निम्मी प्रकरणं तारीख चुकल्यामुळं बिघडतात,” तो मला म्हणाला. “माणूस येत नाही, एकतर्फी हुकूम होतो आणि मग आपण न्याय महाग आहे म्हणतो.”

हे टेबल सरकारी व्यवस्थेला पर्याय म्हणून मांडलेलं नाही, तिच्या दारापर्यंत माणसाला पोचवायला मांडलेलं आहे. राज्यघटनेत १९७६च्या ४२व्या दुरुस्तीनं अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदेविषयक मदत हे राज्याचं कर्तव्य ठरलं. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा. तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ला. तालुक्यातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्ष असतात. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतली माणसं, अपंग, कोठडीतले आणि तुरुंगातले, कारखान्यातले कामगार, आपत्तीत सापडलेले, यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन फुकट लागतो. यातलं काहीच गुपित नाही. तरी टेबलापाशी आलेल्या बहुतेक बायकांना मी विचारलं, तेव्हा केवळ बाई आहे म्हणून आपल्याला सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

या योजनेच्या २०१०च्या नियमांच्या नावातच ‘मोफत आणि सक्षम’ असे दोन शब्द शेजारीशेजारी आहेत. वकीलबाई दुसऱ्या शब्दावर जोर देतात. फुकटचं म्हणजे कसंतरी उरकलेलं, हा समज त्यांना फार लागतो. फी देणाऱ्या पक्षकाराचा अर्ज दोनदा वाचतो, तर न देणाऱ्याचा तीनदा वाचायचा, कारण चूक झाली तर दुसरा वकील करायची ऐपत त्याच्याकडे नसते, असा त्यांचा टेबलावरचा नियम आहे.

कागद वेळेवर हाती पडण्याचं मोल काय, याचा महाराष्ट्रातलाच एक मोठा दाखला आहे. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. मुंबई उच्च न्यायालयानं दिलेली शिक्षा भोगून झाल्यावर, चारेक वर्षांच्या विलंबानं होसकोट यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि विलंबाचं कारण दिलं होतं ते निकालाची प्रत हाती न पडल्याचं. अर्ज फेटाळला गेला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्तानं सांगून ठेवलं की कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि वकील करण्याची ताकद नसेल तर वकीलही. पुढं १९८३मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं पोलीस कोठडीतल्या स्त्रियांसंबंधी निर्देश दिले. अटक झाली की जवळच्या कायदा-मदत समितीला लगेच कळवावं, हा त्यांतलाच एक.

तिसऱ्या बुधवारी त्या निर्देशाचा अर्थ मला समोर दिसला. एक आई आली होती. मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात जिल्हा कारागृहात. जामीन मंजूर होऊन महिना झालेला, पण जामीनदार मिळत नव्हता, म्हणून तो आतच. जामिनाची रक्कम कमी करून मागता येते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा कोठडीत आहे, म्हणजे त्याला वकील मिळण्याचा हक्क आपोआप आहे, हेही नाही. तरुण वकिलानं तिथंच विधी सेवेचा अर्ज भरला, रक्कम कमी करण्याच्या अर्जाचा मसुदा केला आणि दोन्ही त्यांना वाचून दाखवले. त्या नुसत्या मान हलवत होत्या. तो थांबला. “मावशी, मी काय वाचलं ते तुम्ही मला सांगा.” त्यांना सांगता आलं नाही. त्यानं पुन्हा वाचलं, आणखी सोपं करून. तिसऱ्या खेपेला त्यांनी बरोबर सांगितलं, मगच त्यानं शाईचा पॅड पुढं केला.

हे पाहताना मला माझी आत्या आठवली. आजोबा गेल्यावर तिला गाडीतून तालुक्याला नेलं होतं. ‘वारसाची सही आहे’ एवढंच सांगितलं. अंगठा देऊन, हॉटेलात भजी खाऊन ती परत आली. पंधरा वर्षांनी नवरा गेला, सासरी आसरा राहिला नाही, तेव्हा माहेरच्या जमिनीत आपलं काही उरलं नाही हे तिला समजलं. तो दस्त मी पुढं वाचला आहे. शेवटी, तिच्या अंगठ्याच्या वर, ओळ आहे: वाचून दाखवले, मजकूर समजला. घरातल्या कुणीही तो तिला वाचून दाखवला नव्हता, आणि त्या ‘कुणीही’मध्ये माझी माणसं आहेत. जगभरच्या कायद्याचं मला माहीत नाही, पण माझ्या घरातला अन्याय त्या एका ओळीत मावलेला आहे. या टेबलावर सात माणसं दर बुधवारी ती ओळ खरी करत बसलेली असतात. म्हणून मला हे काम मोठं वाटतं.

हक्कसोडपत्राच्या त्या बाईंचा भाऊ दुसऱ्या बुधवारी आला नाही. तिसऱ्याही नाही. चौथ्या बुधवारी चारच्या सुमाराला, बाजार उठता उठता, बहीण-भाऊ दोघं व्हरांड्यात आले. भाऊ अवघडून उभाच राहिला. वकीलबाईंनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि त्यालाही तेच विचारलं: काय हवंय?

हवं होतं ते पीककर्ज. सात-बाऱ्यावर बहिणीचं नाव लागल्यापासून कर्जाला तिची संमती लागत होती. दरवर्षी तिला सासरहून बोलवायचं, त्यापेक्षा हक्कसोड करून घे, असं त्याला चावडीवर कुणीतरी सुचवलं होतं. “अक्काची जमीन खायची म्हणून नव्हतं, मॅडम,” तो म्हणाला. बहीण त्याच्याकडं बघत होती. हे दोघांनी एकमेकांना आधी सांगितलंच नव्हतं.

“मग संमतीपत्र पुरेल की,” वकीलबाई म्हणाल्या. “हक्क कशाला सोडायचा?”

पाऊण तासात मसुदा झाला. वकीलबाईंनी तो मोठ्यानं वाचला, भावालाही ऐकू जाईल असा. कर्ज थकलं तर बोजा बहिणीच्या हिश्श्यावरही येईल, त्या वाक्यापाशी त्या थांबल्या आणि दोघांकडं पाहून त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग कागद बहिणीच्या पुढ्यात सरकवला.

“आता तुम्ही सांगा, यात काय लिहिलंय.”

बाईंनी पदर सारखा केला. “भावाला यंदाच्या हंगामाला सोसायटीचं कर्ज काढायला माझी हरकत नाही. फेडायचं त्यानं. नाही फेडलं तर मलाही झळ लागंल, हे मला ठाऊक हाय. जमिनीवरचं माझं नाव हाय तसंच राहील.” मग थोडं थांबून, “आन् पुढच्या सालाला परत विचारायला लागंल.”

“बरोबर,” वकीलबाई म्हणाल्या. शेवटची ओळ त्यांनी बोटानं दाखवली, वाचून दाखवले, मजकूर समजला, आणि पेन बाईंच्या हातात दिलं.