डिझाइनचा संगणक दुपारनंतर जड का होतो?

छपाईच्या साडीचे व ड्रेस मटेरियलचे डिझाइन आता संगणकावर स्कॅन करून, तिथेच रंग वेगळे काढून तयार केले जाते. यात एक तक्रार नेहमीची आहे. सकाळी संगणक चपळ असतो, दुपारनंतर जड होतो आणि शेवटी सॉफ्टवेअर बंद पडून सेव्ह न केलेले काम वाया जाते. अशा वेळी मेमरी वाढविण्याचा सल्ला मिळतो. पण पैसे मोजण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी दोष कुठे आहे ते पाहावे. पुष्कळदा तो सॉफ्टवेअरमधील मेमरीच्या गळतीचा असतो.

गळती म्हणजे काय? सॉफ्टवेअर कामापुरती मेमरीत जागा घेते व काम झाल्यावर परत करते. गोदामातला माल जॉबवर्कला गेला आणि वहीतली नोंदच हरवली, तर तो परत मागायचा कोणाकडे? तसेच इथे होते. सी आणि सी++ या भाषांत जागा परत करण्याची जबाबदारी बहुतांशी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर असते. खराब फाइल आल्यावर प्रोग्राम अर्ध्यातून मागे फिरला आणि जागा सोडण्याची ओळ राहून गेली, की गळती सुरू होते. जावा, पायथॉन यांत ही साफसफाई आपोआप होते. पण जुनी चित्रे एखाद्या यादीत अडकून राहिली, तर तीही निघत नाहीत.

चित्रांच्या कामात नुकसान मोठे होते, त्याचा हिशेब असा. ए-४ आकाराचे डिझाइन ३०० डीपीआयवर स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले, तर २६ एमबी. डिस्कवरची जेपेग फाइल २-३ एमबीची दिसते, कारण ती दाबून बांधलेल्या गठाणीसारखी असते. उघडल्यावर पूर्ण जागा घेते. दर डिझाइनमागे एक प्रत अडकली, तर ३०० डिझाइनमध्ये ८ जीबीच्या जवळपास मेमरी भरते. मेमरी दुप्पट केली, तर दुपारचे संकट फक्त रात्रीवर जाते.

शोध घेण्याची रीत सोपी आहे. टास्क मॅनेजर उघडावा. एकच डिझाइन १०० वेळा उघडून बंद करावे आणि दर १० वेळांनंतर त्या सॉफ्टवेअरचा मेमरीचा आकडा लिहावा. आकडा सुरुवातीला वाढून स्थिर झाला, तर तो कामासाठी राखलेला साठा आहे. त्यात दोष नाही. दर वेळी सारखाच वाढत राहिला, तर गळतीचा संशय पक्का धरावा.

मग एका वेळची वाढ काढावी. ती २५-२६ एमबी असेल, तर रंगीत चित्राची पूर्ण प्रत अडकते आहे. साडेआठच्या आसपास असेल, तर एकरंगी प्रत, म्हणजे बहुधा वेगळा काढलेला एखादा रंग. सुमारे साडेसहा असेल, तर निम्म्या लांबी-रुंदीची छोटी प्रत. काही सॉफ्टवेअर ठिपक्याला ४ बाइट देतात. तिथे पूर्ण प्रत ३५ एमबीची धरावी. त्यानंतर एकेक काम वाढवीत जावे: आधी फक्त उघडणे, मग रंग काढणे, मग सेव्ह करणे. वाढ जिथे सुरू होईल तिथेच दोष.

पुढचे काम प्रोग्रामरचे. लिनक्सवर २००२ पासून मिळणारे व्हॅलग्रिंड हे मोफत साधन, न सोडलेली जागा कोणत्या ओळीत घेतली होती ते सांगते. यादीत अडकलेली चित्रे मात्र त्याच्या हिशेबात गळती ठरत नाहीत. त्यासाठी कामाआधीची व नंतरची मेमरी ताडून पाहावी लागते.

पुरवठादाराला "मशीन स्लो चालते" एवढेच सांगितले, तर उत्तरही तसेच मोघम मिळते. १० आकड्यांचा कागद पुढे ठेवावा आणि दुरुस्ती मागावी. तोवर दर ५० डिझाइननंतर काम सेव्ह करून सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करावे. अडकलेली जागा मोकळी होते आणि कारागिराची मेहनत वाचते.