नाणी तोलून मोजणे

उरुसासाठी साठवलेला मातीचा गल्ला फोडला की नाण्यांचा ढीग पडतो. एकेक नाणे मोजताना कोणी हाक मारली की हिशोब चुकतो. त्यापेक्षा तराजू बरा.

२०११ साली निघालेल्या प्रकारचे पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅम भरते. समजा, अशा नाण्यांचे वजन ९०० ग्रॅम झाले. ९०० ला ६ ने भागा. नाणी १५० आणि रुपये ७५०. मात्र आधी नाणी निवडून वेगळी केली पाहिजेत. १९९२ साली निघालेले पोलादी एक रुपयाचे नाणे आणि २०११ चे दोन रुपयांचे नाणे, दोन्हींचे वजन ४.८५ ग्रॅमच! ४८५ ग्रॅमच्या ढिगात १०० रुपये आहेत की २००, हे तराजू कसे सांगणार?

कंधारच्या जुन्या लोकांना असा प्रश्न वेगळ्या रूपात पडत असे. कंधार निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे हाली रुपया चाले आणि इंग्रजांचा रुपयाही येई. त्याला 'कलदार' म्हणत. कलदार बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. ८० कलदार म्हणजे एक शेर वजन! हाली ११.१८ ग्रॅमचा. वजनात फरक थोडा, पण चांदीत जास्त. १९४० पूर्वीच्या कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी असे, हालीत ९.१ ग्रॅम. ६ कलदारांना ७ हाली असा भाव होता. गुणून पाहा: ६ कलदारांत चांदी ६४.२ ग्रॅम, ७ हालींत ६३.७.