दिवसा झोप येते? गोळीआधी कारण शोधा

मध्यंतरी एक ट्रकचालक दवाखान्यात आले. वय पंचेचाळीस, शरीर स्थूल. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी चालवताना डोळे मिटतात. झोप उडवायची मोडॅफिनिलची गोळी लिहून द्या." सोबत पत्नी होत्या. "रात्री घोरतात का?" मी विचारले. "घोरतात, आणि मध्येच श्वासच थांबतो. मी हलवून जागे करते," त्या म्हणाल्या. रोगाची दिशा तिथेच कळली.

झोपेत घशाचा मार्ग बंद होऊन श्वास अडतो, तेव्हा मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो. रात्रीत असे कितीतरी वेळा घडते, पण सकाळी काही आठवत नाही. आठ तास झोपूनही दिवसा डुलक्या येतात. हाच 'स्लीप अ‍ॅप्निया'.

मोडॅफिनिल मेंदूला जागे ठेवते. घसा मोकळा करत नाही. अमेरिकेत १९९८ साली त्याला नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या मेंदूच्या विकारासाठी, मान्यता मिळाली. २००४ साली अ‍ॅप्निया व रात्रपाळीमुळे येणाऱ्या झोपेसाठीही मिळाली. युरोपच्या औषध नियामक संस्थेने मात्र २०१० साली ते फक्त नार्कोलेप्सीपुरते ठेवण्याची शिफारस केली. अ‍ॅप्नियात ते द्यायचेच तर मूळ उपचारासोबत, त्याऐवजी नव्हे.

डोकेदुखी, मळमळ, घबराट, रात्रीची झोप उडणे हे त्याचे त्रास. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आल्यास गोळी लगेच बंद करून डॉक्टरांना गाठावे. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी विशेष जपावे. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम याने कमी होतो; गरोदरपणात ते घेऊ नये. परीक्षेसाठी जागरण करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, नैराश्य, मद्यपान, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, यांनीही दिवसा झोप येते. म्हणून आधी तपासणी.

"गाडी थांबवली तर खायचे काय?" त्या गृहस्थांनी विचारले. मी म्हणालो, "डुलकी लागली तर गाडीही जाईल आणि समोरचाही." ते मुकाट्याने तपासणीला गेले. अ‍ॅप्नियाच निघाला. आता नाकावर हवेच्या दाबाचे यंत्र लावून झोपतात, वजनही उतरवत आहेत. गोळी लागलीच नाही. परवा पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, आता मलाही झोप लागते."

आपल्या घरात कोणी असे घोरत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका.